आमच्याकडचं आणि त्यांच्याकडचं

मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे लाळ मागायला आली होती. कुठल्याशा संशोधन संस्थेतली, पंचवीस-सव्वीसची, पाठीला भलीमोठी सॅक. ज्या घराण्यांत माणसं फार जगतात त्यांच्या रक्तात असं काय असतं, ते या लोकांना शोधायचं आहे, आणि धायरीतल्या आमच्या घराण्याचं नाव त्यांना कुणीतरी दिलं होतं. आमचे आजोबा शंभरी ओलांडून गेले, त्यांची बहीण जवळपास तितकीच जगली, वडील त्र्याण्णवाव्या वर्षी गेले, आणि मी चौऱ्याऐंशीची असून तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढते. हौस म्हणून नव्हे. आमच्या सोसायटीची लिफ्ट माझ्याहून वयाने पुष्कळ लहान असूनही सारखी आजारी असते. "आजी, फक्त आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही हं, नाहीतर सॅम्पल खराब होतं," मुलगी म्हणाली. ऐन चारच्या सुमाराला घरी येऊन घरच्याच बाईला चहा घेऊ नका म्हणणारी पाहुणी मला जन्मात पहिल्यांदा भेटली. मी तिला चहा करून दिला आणि तिच्यासमोर कोरडी बसून राहिले.

नळीत थुंकून झाल्यावर तिने एक लांबलचक फॉर्म काढला. वडील, आई, आत्या, मामा, कोण किती जगलं, कशाने गेलं. मी भराभर सांगत गेले. मग ती म्हणाली, "भावंडं?" म्हटलं, एक भाऊ होता, दिनकर. "किती वय होतं जाताना?" अठरा. तिने पेन उचललं. "ओह. ॲक्सिडेंट का?" म्हटलं, नाही. "मग काय झालं होतं, आजी?" मी म्हटलं, "माहीत नाही असं लिही." तिने तसं लिहिलं. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईने शास्त्राच्या कागदावर सरळ खोटं लिहवून घेतलं आणि वर मी त्या मुलीला जिन्यापर्यंत सोडायलाही गेले. मनाला फार लागलं ते. म्हणून आता खरं काय ते लिहायला बसले आहे.

तेव्हा धायरी गाव होतं. आज जिथे आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथे आमचा कांदा असायचा, आणि पलीकडे, आता जिथे जिमखाना की काय तो आहे, तिथे विहीर. पहाटे आधी जात्याचा आवाज यायचा, मग मोटेच्या चाकाची कुरकुर, मग दुधाच्या कासंड्यांची आदळआपट, आणि या सगळ्यावर आबांचं, म्हणजे आजोबांचं, खाकरणं. घरात माणसं मोजकीच. आबा, त्यांची विधवा बहीण आत्याआजी, वडील म्हणजे तात्या, आई, माझा भाऊ दिनूदादा आणि मी. खाणं साधं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा, ताक. सणाला शेवयांची खीर. आबा तेव्हाच नव्वदीच्या पुढे असतील, नक्की कुणी मोजलं होतं? रोज कालव्यावर जाऊन गार पाण्याने अंघोळ करायचे आणि येताना कुणाची तरी खोड काढून यायचे. आल्यागेल्याने विचारावं, आबा, एवढं जगायचं गुपित काय? आबांनी दर वेळी नवं उत्तर द्यावं. शाळेच्या मास्तरांना सांगितलं, "कच्चा कांदा." तलाठ्याला सांगितलं, "तुमच्या कचेरीची पायरी चढलो न्हाय." एका नव्या जोडप्याला म्हणाले, "बायकूवर कदी वराडलो न्हाय," त्यावर आत्याआजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण आबांचा स्वतःचा विश्वास ना कांद्यावर होता ना गार पाण्यावर. त्यांचा विश्वास कानावर. आमच्या घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या कानांच्या पाळ्या लांब, लोंबत्या, आणि लांब पाळी म्हणजे लांब आयुष्य हे आमच्याकडे ठरून गेलेलं. घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या आधी, ते आबांच्या मांडीवर द्यायचं. आबा डोळे मिटून त्याच्या कानाची पाळी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, बराच वेळ चाचपायचे, आणि मग निकाल द्यायचे. "हे आमचं," किंवा "हे त्यांचं." त्यांचं म्हणजे मुलाच्या आईच्या माहेरचं. भावकीतली माणसंसुद्धा आपली पोरं घेऊन यायची. यात दुष्टपणा काही नव्हता, उलटच होतं. जे पोर 'त्यांचं' ठरायचं त्याला जास्त जपायचे. पहिल्या धारेचं दूध त्याला, तूप त्याला, जरा शिंकलं की बैलगाडी जुंपून डॉक्टरकडे. आणि जे 'आमचं' त्याला मोकळं सोडायचं. त्याला काय होतंय?

दिनूदादा 'आमचं' ठरला. पाच वर्षांनी मी जन्मले, आणि आबांनी माझी पाळी चाचपून काही न बोलता मला आईच्या ओटीत परत दिलं म्हणतात. आईच्या माहेरचं रक्त पातळ, असं आमच्याकडे बोललं जायचं. ती वेल्ह्याकडची. तिचे दोन भाऊ ऐन पंचविशीच्या आत गेले होते, एक मोट हाकता हाकता, दुसरा लग्नाच्या वरातीत नाचताना. धडधाकट माणसं, उभ्याची आडवी झाली. तिकडचंच मी घेऊन आले, असा निकाल लागल्यामुळे मला शेतात कुणी नेलं नाही, पाण्याची कळशी उचलू दिली नाही. बसून करायचं काम म्हणून शाळेत घातलं. आमच्या घरातली पहिली मॅट्रिक मी, पहिली मास्तरीण मी, आणि हे सगळं मी नाजूक ठरले म्हणून. शुक्रवार पेठेतल्या एका डॉक्टरांकडे माझ्या इतक्या खेपा व्हायच्या की त्यांचा कंपाउंडर मला पाहिलं की विचारायच्या आधीच बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायला घ्यायचा.

मी त्या संशोधनवाल्या मुलीला कानाची गोष्ट सांगितली होती. ती आधी हसली आणि मग म्हणाली, "आजी, ॲक्च्युअली कान सगळ्यांचेच लांबतात. वय वाढलं की वाढतातच ते." म्हणजे आमच्यात लांब कानांमुळे म्हातारी माणसं नव्हती. म्हातारी माणसं पुष्कळ होती म्हणून लांब कान पुष्कळ होते. एवढी साधी गोष्ट, आणि आमच्या चार पिढ्यांना ती उलटी दिसली. तिने आणखीही सांगितलं. लोकांना वाटतं तेवढं सगळं रक्तावर नसतं, बरंचसं राहणीवर असतं, नशिबावरही असतं. अगदी नव्वदी-शंभरी गाठायची तर मात्र रक्ताची साथ लागते. आणि रक्त असं सरसकट आमचं किंवा त्यांचं येत नाही. अर्धं इकडून, अर्धं तिकडून, आणि त्या अर्ध्यात काय येईल याचा नेम नाही. एकाच पोराला एकाकडचे कान आणि दुसरीकडचं काळीज येऊ शकतं. ती हे सहज म्हणून गेली. मी तिची कपबशी विसळायला घेतली आणि नळ तसाच चालू ठेवून किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

दिनूदादा अठराचा झाला तेव्हा आमच्या घरचं दूध सायकलवरून पुण्यात पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. सकाळी दोन्ही बाजूंना कॅन अडकवून शीळ घालत जायचा, दहा-साडेदहाला परत. आला की तालमीत. मला तो 'काचेची बाटली' म्हणायचा. मी आडवी आले की सायकल थांबवून ओरडायचा, "सरका, सरका, फुटंल!" मला राग यायचा आणि आवडायचंही. एवढं लक्ष देऊन मला चिडवणारं दुसरं कोण होतं? बाकीचे नुसते जपायचे.

जत्रेला महिनाभर असताना तो एक दिवस तालमीतून आला आणि हसत हसत म्हणाला, "आज गंमतच झाली. जोर मारता मारता डोळ्यापुढं अंधारी आली न् पडलोच. पोरांनी तोंडावर पाणी मारलं तवा उठलो." आई तव्यावर भाकरी टाकत होती. तिचा हात थांबला. भाकरी करपल्याचा वास ओसरीपर्यंत आला तरी तिने ती उलटली नाही. मग पदर सावरून ती आबांपुढे जाऊन उभी राहिली. सासऱ्यापुढे ती कधी स्वतःहून बोलत नसे.

"मामंजी, माझ्या दोन्ही भावांचं असंच झालं व्हतं. आदी अंधारी आली. मंग सा महिन्यांत गेले. दिनूला येकडाव डॉक्टरला दावा."

आबांनी पानतंबाखूची चंची बाजूला ठेवली. रागावले नाहीत. समजूत घालावी तसे म्हणाले, "सूनबाई, त्ये पोर आमचं हाय. म्या सवता बगितलंय. तुमच्याकडचं त्यात काय बी न्हाय. पैलवानाला अंधारी येतीच. दूध वाढवा त्येचं."

आईने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "आबा म्हनत्यात तर…" आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. माझे वडील वाईट नव्हते. बापाच्या शब्दाबाहेर जायचं असतं हेच त्यांना त्र्याण्णव वर्षांत कुणी शिकवलं नाही.

तीन-चार दिवसांनी आईने घरात सांगितलं की इंदूला खोकला झालाय. मला खोकला नव्हता. ती मला घरामागच्या परड्यात घेऊन गेली आणि माझे दोन्ही दंड धरून म्हणाली, "तुला डॉक्टरकडं धाडायला हितं कुणी ना म्हनत न्हाय. उद्या दादाच्या सायकलीवर जा. आत गेलीस की डॉक्टरला म्हनायचं, मला काय झालं न्हाय, माझ्या भावाची छाती तपासा. तुझं मामं कसं गेलं त्ये सांग. अंधारीचं सांग. समदं सांग. आन त्यो काय म्हनला त्ये येऊन मला सांग. मलाच." तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मी तेरा वर्षांची होते. मला सगळं कळलं होतं. लहान होते, समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

दूध घालून झाल्यावर आम्ही शुक्रवार पेठेत डॉक्टरांच्या दाराशी आलो. मी दादाला आईचा निरोप सांगितला. तो आधी हसला, मग त्याचं तोंड उतरलं. "मी आत जायाचं? मला काय झालंय? तालमीत कळलं तर पोरं मला आखाड्यात हुबं करनार न्हाईत, इंदे. आबांना कळलं तर?" मी पहिल्या पायरीवर उभी होते. आतून औषधांचा तो ओळखीचा वास येत होता. मला सुईची भीती वाटत होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मलाही मनातून वाटत होतं की याला काय होणार आहे? हा आबांचा. आजारी पडायचं काम माझं. दादा म्हणाला, "चल, तुला मस्तानी खाऊ घालतो. आयला सांग, बगितलं, काय न्हाय म्हनला. येवढं माझ्यासाटी कर."

मी तोवर मस्तानी नुसती ऐकली होती. एवढा उंच ग्लास, वर आइस्क्रीमचा गोळा, खाली गार गोड दूध. दादाने स्वतःची अर्धी माझ्या ग्लासात ओतली. दुधाच्या घरातल्या पोरीला दुधाचं काय कौतुक, पण मी ग्लासाच्या तळाशी चमचा खरवडून खाल्लं. आजपर्यंत त्या चवीचं दुसरं काही मी खाल्लेलं नाही, आणि मस्तानीही पुन्हा खाल्ली नाही. घरात नातवंडं आणतात, मी फ्रीजचं दार लावून घेते. येताना चढाला दादा सायकलवरून उतरला. हँडलवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "चेन सैल झालीया." मला चेन दिसत होती. घट्ट होती.

आई बांधावर उभी होती. दादा पुढे घरी गेला तशी तिने मला जवळ ओढलं. "काय म्हनला डॉक्टर?"

मी म्हटलं, "नळी लावून बगितली. काय बी न्हाय म्हनला. दूध-तूप खाऊ द्या म्हनला." दूध-तुपाचं मी माझ्या मनाने घातलं. माझ्याबद्दल ते नेहमी तसं म्हणायचे. खोटं खरं वाटायला काय लागतं ते मला तेराव्या वर्षी येत होतं.

आई तिथेच बांधावर बसली. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हसली. इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. म्हणाली, "माजंच मन वंगाळ." त्या दिवशी सण नसताना तिने शेवयांची खीर केली. कशाबद्दल, ते आबांना कळलं नाही, पण त्यांनी वाटी दोनदा पुढे केली. त्यानंतर ती दिनूच्या तालमीबद्दल एक अक्षर बोलली नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याचा लंगोट तिनेच धुऊन कुंपणावर वाळत घातला.

कुस्त्या दुपारी सुरू झाल्या. बायका आखाड्याकडे जात नसत, आम्ही पोरी शाळेच्या भिंतीवर चढून बसलो होतो. हलगी कडकडत होती. आबा पुढच्या रांगेत घोंगडीवर. दादाचं नाव पुकारलं तेव्हा त्याने आधी आबांचे पाय धरले, मग मातीला हात लावून आत उतरला. जोड तोलामोलाची होती. दहा-बारा मिनिटं झाली, कुणी कुणाला चीत करेना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. दोघांना नारळ द्यायचं ठरलं. दादा बाहेर आला, सदरा घातला, पाणी प्यायला, आणि आबांच्या शेजारी घोंगडीवर बसला. थोड्या वेळाने त्याने आबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला भिंतीवरून ते स्पष्ट दिसत होतं आणि मला हेवा वाटला. आबांच्या इतक्या जवळ मला कुणी बसू दिलं नसतं.

त्यानंतर आणखी दोन कुस्त्या झाल्या. मग पंचांनी नारळ घ्यायला दिनकरला बोलावलं. तो उठेना. पुन्हा हाक मारली. आबांनी हात वर केला आणि म्हणाले, "जरा थांबा. दमलंय पोर." दोन कुस्त्यांइतका वेळ आबा जागचे हलले नव्हते. खांदा दुखला असेल, मुंग्या आल्या असतील, पण पोराची झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत असावेत. पंच स्वतः नारळ घेऊन आले आणि खाली वाकले. हलगी थांबली. हलगी थांबल्यावर मी भिंतीवरून उतरले. काय झालं ते पाहायला जवळ जावं लागलंच नाही मला.

त्या दिवसाबद्दल आणखी लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या होत्या. आत्याआजी म्हणाली, चांगल्या पोराबद्दल सारखं वंगाळ बोलायची ही, तिचीच नाट लागली. तेव्हा आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्या डॉक्टरला दावलं व्हतं वो. डॉक्टर काय न्हाय म्हनला. इंदीला इचारा." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. हो म्हणून. मग आत्याआजी म्हणाली, "बग. डॉक्टरला बी काय गावलं न्हाय. मंग नाट न्हाय तर काय?" माझ्या त्या मान हलवण्याने आईवरचा डाग पक्का झाला. मी खांबाशी बसले होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी बोलले नाही. मग रोज वाटायचं, आज बोलू. रोज ते आदल्या दिवसापेक्षा जड व्हायचं.

आबा पुढे नऊ वर्षं जगले. पण कान त्यांनी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी भावकीतलं कुणी बाळ घेऊन आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात घोंगडीखाली घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. कालव्यावर जाणं सोडलं. गुपित विचारायला कुणी आलं तर उठून गोठ्यात जायचे. एकदा मी अभ्यास करत असताना शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "इंदे, तू शिकलीस. मला सांग, मी कशापायी ऱ्हायलो गं?" शंभरीला टेकलेला माणूस पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला विचारत होता. मी वहीत डोकं घातलं. आता त्यांचा प्रश्न मला रोज पडतो. माझे यजमान गेले, माझ्या बरोबरीच्या सगळ्या शिक्षिका गेल्या, धाकट्या चुलत बहिणी गेल्या. मी नाजूक ठरलेली. लोक म्हणतात, भाग्यवान आहात. मी म्हणते, बसा, चहा घ्या.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही दोघं शिक्षक, सिंहगड रस्त्याला दोन खोल्यांत बिऱ्हाड. आई शेवटी शेवटी औषधपाण्यासाठी माझ्याकडे येऊन राहिली. साठी नुकती उलटली होती, पायांना सूज, चार पावलं चालली की धाप. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी पावटे सोलत बसलो होतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. तो बाहेरून पळत आला, आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत म्हणाला, "आई, शर्यतीत पहिला आलो!" आणि पुन्हा पळाला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्येला डॉक्टरला दाव," ती म्हणाली. "छाती तपासून घे. उद्याच."

मी म्हटलं, नेते.

"नेते न्हाय. तू सवता त्येच्यासंगं आत जा. आत बस. डॉक्टर नळी लावंल तवर तितनं हलू नगंस. भाईरच्या भाईर परत येऊ नगंस, इंदे."

तिने मान वर केली नव्हती, ती पावट्यांकडेच बघत होती. बावीस वर्षं जे वाक्य मला बोलता आलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. "आई, दादाला मी आत नेलंच नव्हतं."

"ठावं हाय मला."

मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "आगं, ठावं हाय. वर्सश्राद्धाच्या आदीच मी चालत गेले व्हते डॉक्टरकडं. म्हनलं, माज्या पोराच्या छातीत तुमाला काय ऐकू आलं व्हतं त्ये तरी सांगा. त्यांनी वही काडली. म्हनले, बाई, मुलगा आमच्याकडं आला न्हवता. त्या दिशी मुलगी बी न्हाय."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिने दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "खरं सांगू? वरीसभर तुजं त्वांड बगू वाटत न्हवतं मला. ताटात भाकरी टाकायची न् पाठ फिरवायची. तुला वाटलं आसंल, आय दुक्कात हाय. येक दिस तू वड्याकडं गेलीस न् येळ झाला तरी आली न्हाईस. मी तशीच पळत सुटले, पायात काय न्हाय, डोईवर पदर न्हाय. तू आपली दगडावर बसून पुस्तक वाचत व्हतीस. तवा म्हनलं, येक तर गेलंच. बोलले तर ह्ये बी जाईल."

मी रडत होते. पस्तीस वर्षांची बाई, पोरीसारखी.

"आन मला दिसत व्हतं," आई म्हणाली, "आबा काय बी म्हनूद्यात, तू त्यांच्यावर गेलीयास. तू लई जगनार. येवडं लांब जायाचंय पोरीला, तिच्या डोक्यावर येवडं वझं कसं देऊ? म्हनून न्हाय बोलले. मला वाटलं, तू इसरून जाशील."

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले, आत बसले, नळी लावताना हलले नाही. त्याला काही नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बराच वेळ, आणि मग डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा एकदा मुलाकडून वदवून घेतलं. माझ्यावर तिची माया होती. भरवसा तिने पुन्हा ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. चार महिन्यांनी ती गेली. तिला जाऊन आता एकोणपन्नास वर्षं होतील, आणि तिला वाटलं तसं मी विसरले नाही.